टाळूवर हात ठेवणाऱ्या सगळ्यांना

बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत जन्मजात दोष निघाला की घरात पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारला जात नाही, तो बाळाच्या आईला विचारला जातो. ग्रहणात बाहेर गेली होतीस का? विळीवर काही चिरलंस का? पपई खाल्लीस का? गाडीवरून जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, ऐकलंस का? ओली बाळंतीण हे सगळं खाली मान घालून ऐकते आणि पुढे कित्येक वर्षं स्वतःलाही तेच विचारत राहते. हे लिहिणं त्या आईसाठी आहे, आणि तिच्याहून जास्त तिच्या भोवतीच्या माणसांसाठी आहे: सासू, आई, नवरा, नणंद, बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी, अंगणवाडीच्या ताई, आशाताई. या आजारात कुणाच्याच हातात काय नव्हतं आणि आता तुमच्या हातात काय आहे, हे एकदा नीट समजून घ्या.

गर्भधारणेनंतर बाविसाव्या दिवसाच्या सुमारास बाळाचं हृदय धडधडू लागतं. बाळ तेव्हा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं. चौथा आठवडा संपता संपता मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडणार ती नळी मिटते. या नळीच्या आत अजून एकही रक्तवाहिनी नसते. बारीक वाहिन्यांचं जाळं आधी तिच्या बाहेरून विणलं जातं. आतल्या वाढत्या पेशींना प्राणवायू कमी पडू लागला की त्या एक रसायन सोडतात, आणि त्या रसायनाच्या दिशेने बाहेरच्या जाळ्याला कोंब फुटून ते आत शिरतात. कोणत्या वाहिनीने धमनी व्हायचं आणि कोणत्या वाहिनीने शीर व्हायचं, हेही फार लवकर ठरतं. धमनीच्या अस्तरावर एक प्रथिन असतं आणि शिरेच्या अस्तरावर त्याच्या जोडीचं दुसरं. दोघींनी एकमेकींना ओळखून आपापल्या हद्दीत राहायचं असतं. १९९८ साली उंदरांच्या भ्रूणांवर झालेल्या प्रयोगांत ही गोष्ट उघड झाली. तोवर सगळ्यांची समजूत अशी होती की रक्ताच्या दाबामुळेच धमनी धमनी होते.

हे जाळं कायमचं नसतं. त्यातल्या कितीतरी वाहिन्या काही आठवडे काम करतात आणि विरून जातात. मोठ्या माणसाच्या मेंदूत दिसणारा नकाशा म्हणजे अनेक नकाशे पुसून शेवटी उरलेला नकाशा आहे. ही पुसापुशी टप्प्याटप्प्याने कशी होते हे आपल्याला कळलं त्याचं मोठं श्रेय डॉर्कास पॅजेट या बाईंना जातं. त्या डॉक्टर नव्हत्या. अमेरिकेत बाल्टिमोरला मेंदूचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांच्याकडे त्या शस्त्रक्रियांची चित्रं काढत. तिथल्या कार्नेगी संस्थेच्या संग्रहातल्या मानवी भ्रूणांचे पातळ काप तपासून त्यांनी डोक्यातल्या धमन्या कशा घडतात ते १९४८ साली मांडलं, आणि शिरांचं काम १९५७ साली. आजही मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे डॉक्टर त्यांचे टप्पे धरूनच विचार करतात.

विरून जाणाऱ्या वाहिन्यांपैकी एक शीर आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. पुढच्या मेंदूच्या मधोमध, पाठीमागच्या अंगाने ती जाते. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमन्या अजून खोलवर पोचलेल्या नसतात तेव्हा तिथलं रक्त परत नेण्याचं काम ती करते. दहाव्या-अकराव्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या दोन शिरा ते काम उचलतात आणि ही शीर विरते. तिचा मागचा छोटासा तुकडा तेवढा शिल्लक राहतो. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलन याच्या नावावरून त्याला गॅलनची शीर म्हणतात. कधी कधी मात्र सहाव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान काही धमन्या या तात्पुरत्या शिरेला थेट जोडल्या जातात. मग तिच्यातून इतकं रक्त वाहू लागतं की ती विरत नाही, उलट फुगत जाते. या दोषाला ‘व्हेन ऑफ गॅलन मालफॉर्मेशन’ म्हणतात. फुगलेली शीर खरी गॅलनची नसून तिच्या आधीची, भ्रूणावस्थेतली आहे, हे चार्ल्स रेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवलं. नाव मात्र तेच राहिलं.

धमनी थेट शिरेला जोडली गेली तर बिघडतं काय? शेतकऱ्याला हे लगेच समजेल. पाटाचं पाणी दांडातून वाफ्यावाफ्यात मुरतं, पिकाला मिळतं, आणि उरलेलं ओढ्याला जातं. पाट मध्येच फुटला तर सगळं पाणी सरळ ओढ्यात पळतं. ओढा काठ सोडून फुगतो, शेत कोरडं राहतं, आणि विहिरीवरची मोटर उगाच चालत राहून जळते. इथे ओढा म्हणजे ती फुगलेली शीर, शेत म्हणजे बाळाचा मेंदू आणि मोटर म्हणजे बाळाचं हृदय.

आता काळ बघा. आपल्याकडे तीन महिने पुरे होईपर्यंत गोड बातमी घराबाहेर सांगत नाहीत. म्हणजे शेजारणीला कळायच्या आत हा दोष घडून गेलेला असतो. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाचा, सातव्या महिन्यातल्या प्रवासाचा, डोहाळजेवणात कुणाची नजर लागल्याचा त्याच्याशी संबंध असूच शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत खाल्लेल्या कुठल्या पदार्थाने किंवा आईच्या कुठल्या कामाने हा दोष होतो, असंही कुठे दिसलेलं नाही. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या प्रत्येक गरोदर बाईने घेतल्याच पाहिजेत, कारण त्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूच्या नळीचे दोष टाळतात. पण गोळ्या चुकल्या म्हणून ही शीर फुगली, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

काही बाळांमध्ये जनुकातला बदल सापडतो. वर सांगितलेल्या शिरेच्या प्रथिनाचं जनुक, ईपीएचबी४, आणि त्याच वाटेवरचं आरएएसए१ ही दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. असा बदल आईकडून येऊ शकतो, तितकाच वडिलांकडून येऊ शकतो, आणि दोघांमध्ये नसतानाही बाळात नव्याने होऊ शकतो. ज्या घरांत तो वारशाने येतो तिथे नात्यातल्या माणसांच्या कातडीवर जन्मापासून किंवा लहानपणापासून फिकट गुलाबी, छोटे छोटे डाग दिसतात. असे डाग घरात कुणाला असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मग ते सासरचे असोत की माहेरचे. बहुतेक कुटुंबांत मात्र एका बाळाला हा दोष झाला तरी पुढच्या भावंडाला तो होत नाही.

हा आजार विरळा आहे. निरनिराळ्या अंदाजांप्रमाणे २५ हजार ते ६० हजार जन्मांमागे एका बाळात तो असतो. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात असं बाळ दर वर्षी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात जन्माला येणारच, आणि ते नेमकं मोठ्या रुग्णालयातच जन्मेल याची खात्री नाही. ते वाडीवस्तीवर, तालुक्याच्या दवाखान्यात, कुणाच्या तरी माहेरी जन्मेल. म्हणूनच हे सर्वांना माहीत असायला हवं.

सोनोग्राफीबद्दल आधी सांगतो. अठरा ते वीस आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी झाली आणि सगळं ठीक आलं, तरी हा दोष त्यात दिसेलच असं नाही. शीर फुगत जाते, त्यामुळे ती बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात दिसते. मेंदूच्या मधोमध पाण्याची गाठ असावी तशी काळी जागा दिसते. कलर डॉप्लर लावला की त्या जागेत रक्त वाहताना दिसतं आणि गाठ नसून शीर आहे हे कळतं. आपल्याकडे नेमकं याच काळात बाईचं ठिकाण बदलतं. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात ती माहेरी येते, डॉक्टर बदलतात, आधीची फाइल सासरी कपाटात राहते. माझी विनंती आहे, ओटी भरून लेकीला घेऊन याल तेव्हा तिची फाइल, सोनोग्राफीचे सगळे कागद सोबत घ्या. शेवटच्या तिमाहीत डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली तर ‘आधी झाली आहे की’ म्हणून ती टाळू नका. सोनोग्राफीला मुळीच बंदी नाही, बंदी लिंगनिदानाला आहे, आणि ती योग्यच आहे. बाळाच्या मेंदूबद्दल, हृदयाबद्दल हवे ते प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पोटात असतानाच दोष कळला तर घाबरून जवळच्या दवाखान्यात बाळंतपण उरकू नका. जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, उपचार करणारे डॉक्टर आहेत, किंवा त्यांच्याशी आधीच बोलणं झालेलं आहे, अशा ठिकाणी बाळंतपण ठरवा. जन्मल्यावर बाळाला पळवण्यापेक्षा पोटात असतानाच त्याला योग्य जागी नेणं केव्हाही चांगलं.

पोटात असताना बाळ बहुधा तग धरतं. वारेतून रक्त सहज वाहतं, त्यामुळे मेंदूतल्या चुकीच्या वाटेकडे सगळं रक्त ओढलं जात नाही. नाळ कापली की वारेची वाट बंद होते आणि रक्त डोक्याकडे धाव घेतं. फार मोठा दोष असेल तर हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी ८० टक्क्यांपर्यंत रक्त डोक्याकडेच जातं आणि तिथून तसंच परत येतं. हृदय थकतं, यकृत सुजतं, मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं. बाळ धापा टाकतं, दूध ओढताना थकून सोडून देतं, त्याच्या कपाळावर घाम येतो, हातपाय गार पडतात. इको केला तर हृदय मोठं झालेलं दिसतं, पण त्यात भोक नसतं, झडप बिघडलेली नसते. अशा वेळी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: ‘डोक्याची सोनोग्राफी करून घ्यायची का?’ टाळूवर स्टेथोस्कोप ठेवून कान दिला तरी कधी कधी रक्ताचा सूं-सूं आवाज स्पष्ट ऐकू येतो. टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातून मेंदूची सोनोग्राफी होते. ती खाटेवरच करता येते, तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि खर्चही फार नाही.

मेळघाटासारख्या भागात धापा टाकणाऱ्या, पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची, म्हणजे डंबा देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. मी हात जोडून सांगतो, हे करू नका आणि कुणाला करू देऊ नका. यकृत सुजल्यामुळे पोट फुगतं, हृदय थकल्यामुळे धाप लागते. चटक्याने यातलं काहीच कमी होत नाही, उलट भाजलेल्या जागी जंतू शिरतात. आशाताईंना हाक मारा, १०८ ला फोन करा.

सगळ्याच बाळांची पहिल्या आठवड्यात अशी दशा होत नाही. जोड लहान असेल तर हृदय निभावून नेतं आणि दोष डोक्याच्या वाढीतून दिसतो. शिरांमधला दाब वाढल्यामुळे मेंदूतलं पाणी नीट शोषलं जात नाही, ते साचतं आणि डोकं भराभर मोठं होतं. हे डॉक्टरांच्या आधी तुम्हाला दिसणार आहे. टाळू भरणारी आजी, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी मावशी, टोपडं बांधणारी आई, यांचे हात रोज त्या डोक्यावरून फिरतात. बारशाला घातलेलं टोपडं महिनाभरात कानांवर उतरेना, टाळू बाळ शांत असतानाही फुगलेली आणि ताणलेली लागू लागली, कपाळावरच्या आणि डोक्यावरच्या शिरा दिवसेंदिवस ठळक होत गेल्या, डोळ्यांची बुबुळं खाली ओढल्यासारखी होऊन वरचं पांढरं दिसू लागलं, तर थांबू नका. बाळ सारखं ओकत असेल, सुस्त पडत असेल, त्याला झटके येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

उगाच भीतीही नको. निरोगी बाळाची टाळूही मंद उडते, आणि बाळ रडताना ती फुगते. काही घरांत डोकी मोठीच असतात. वडिलांचं डोकं मोजा, काकांचं मोजा, उत्तर मिळेल. एका मापाला तेवढा अर्थ नाही, अर्थ आहे वाढीच्या वेगाला. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटरने, पुढचे तीन महिने एक सेंटिमीटरने, आणि त्यानंतर वर्ष होईपर्यंत अर्ध्या सेंटिमीटरने वाढतो. याहून स्पष्टपणे वेगाने डोकं वाढत असेल तर तपासणी हवी. वजनाची नोंद आपण अगत्याने ठेवतो, तशीच डोक्याच्या घेराची ठेवायला लागा. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरना मोजायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा सांगा.

डोक्यात पाणी साचलं आहे हे कळल्यावर अनेकदा लगेच नळी बसवून ते पाणी पोटात सोडायची शस्त्रक्रिया सुचवली जाते. इतर कारणांनी पाणी झालं असेल तेव्हा ती जीवदान देते. पण पाठीमागे ही फुगलेली शीर असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो. आधी नळी बसवली तर मेंदूतला दाबाचा तोल बिघडून बाळाची अवस्था खालावू शकते. म्हणून संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी विचारा: ‘पाणी कशामुळे साचलं? रक्तवाहिनीचा दोष नाही ना, हे कलर डॉप्लरने किंवा एमआरआयने पाहिलं का?’ नम्रपणे विचारा, पण विचारा. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

आता उपचारांबद्दल. पूर्वी डोकं उघडून या धमन्या बांधायचा प्रयत्न होई आणि त्यात बहुतेक नवजात बाळं दगावत. चित्र पालटलं ते पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात. तिथले पियेर लासझोनियास आणि त्यांचे सहकारी मांडीतल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी मेंदूपर्यंत नेत आणि चुकीच्या जोडाच्या तोंडाशी गोंदासारखं औषध सोडून तो बंद करत. २००६ साली त्यांनी आपला २१ वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. १९८१ ते २००२ या काळात त्यांनी २१६ मुलांवर असे उपचार केले. त्यांपैकी २३ मुलं गेली. वाचलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के मुलांची मेंदूची वाढ सर्वसाधारण होती. ज्या बाळांवर पहिल्या महिन्यातच उपचार करावे लागले त्यांच्यापैकी मात्र निम्मी वाचली नाहीत. हा आकडा मी लपवत नाही. आईवडिलांना खोटा धीर देणं मला मान्य नाही.

याच डॉक्टरांनी आणखी एक मोठी गोष्ट शिकवली, ती म्हणजे वाट पाहणं. बाळाचं हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं आणि मेंदू कसे चालले आहेत याला गुण देऊन ते ठरवत की आत्ताच हात घालायचा, थोडं थांबायचं, की काही करू नये. बाळ औषधांवर स्थिर असेल, दूध पीत असेल, वजन वाढत असेल, तर चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत थांबणं पुष्कळदा अधिक सुरक्षित असतं. धमन्या तेवढ्यात जरा मोठ्या होतात आणि काम एकापेक्षा जास्त बैठकांत नीट करता येतं. मला दिसतं ते असं, की हे थांबणं नातेवाइकांना सहन होत नाही. ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ म्हणून बाळाला या रुग्णालयातून त्या रुग्णालयात नेलं जातं, आणि त्या धावपळीत ते खालावतं. डॉक्टर दर आठवड्याला वजन, डोक्याचा घेर, इको बघत असतील तर उपचार चालूच आहेत. त्यांना ते करू द्या.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला डॅरेन ऑरबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच उपचार गर्भाशयातल्या बाळावर केला. गर्भ ३४ आठवड्यांचा होता. आईच्या पोटातून, गर्भाशयाच्या भिंतीतून सुई बाळाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला नेऊन त्यांनी शिरेत बारीक तारेची वेटोळी सोडली. दोन दिवसांनी बाळ जन्मलं. त्याला हृदयासाठी औषधांची गरज पडली नाही. ही बातमी मोबाइलवर फिरली आणि आपल्याकडेही अनेकांनी विचारलं, ‘हे इथे होईल का?’ हा उपचार अजून चाचणीच्या अवस्थेत आहे, तो आज सर्वांसाठी नाही. जन्मानंतरचे कॅथेटरचे उपचार मात्र आपल्या देशात होतात. मुंबईचं केईएम, बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स या सरकारी किंवा पालिकेच्या संस्थांमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर आतून उपचार करणारे विभाग आहेत.

हा उपचार महाग आहे, कारण नळ्या, गोंद आणि तारा महाग असतात. तरी शेत विकण्याआधी तीन माणसांना भेटा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं. वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटा. आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर राखीव खाटांची चौकशी करा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत असू द्या.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे जन्मजात दोष एवढ्यावर संपत नाहीत. हा त्यांतला सर्वांत नाट्यमय, म्हणून त्यावर इतकं लिहिलं. बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या हातात एखादा एमआरआयचा रिपोर्ट कधीही येऊ शकतो.

रिपोर्टमध्ये ‘डेव्हलपमेंटल व्हेनस ॲनॉमली’ किंवा ‘डीव्हीए’ असं लिहिलं असेल तर रात्रीची झोप घालवू नका. ती शिरांची थोडी वेगळी मांडणी आहे, शंभरातल्या दोन-तीन माणसांत आढळते आणि त्या भागाचं रक्त नीट परत नेते. ती सहसा त्रास देत नाही आणि तिला हात लावायचा नसतो. ‘कॅव्हर्नोमा’ म्हणजे पातळ भिंतींच्या वाहिन्यांचा लहानसा गुच्छ. दोनशे माणसांत साधारण एकाकडे असतो, आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. तो अनेक जागी असेल, किंवा घरात आणखी कुणाला झटके, मेंदूतला रक्तस्राव झाला असेल, तर भावंडांनीही तपासून घ्यावं. ‘एव्हीएम’ मध्ये धमन्या आणि शिरा यांचा थेट गुंता असतो. तो तरुण वयात फुटू शकतो. अशा गुंत्यातून दर वर्षी रक्तस्राव होण्याची शक्यता साधारण दोन ते चार टक्के धरतात. तो दिसला की लगेच काढायचाच, असं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत न फुटलेल्या एव्हीएमसाठी निदान पहिली काही वर्षं नुसती औषधं आणि देखरेख हे जास्त सुरक्षित ठरलं. त्या चाचणीवर तज्ज्ञांत वाद आहे. म्हणूनच अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं तुमचं कर्तव्य समजा.

बाळाच्या कपाळावर, पापणीवर जन्मतः गडद लाल, दारूच्या रंगाचा डाग असेल तर तो ‘लासं’ म्हणून सोडून देऊ नका. काही बाळांत अशाच वाहिन्या मेंदूच्या आवरणातही असतात. त्यांना झटके येऊ शकतात आणि डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिल्या महिन्यांतच दाखवा. यामागचा जनुकातला बदलही गर्भात, एखाद्या पेशीत नंतर झालेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो, हे २०१३ साली सिद्ध झालं आहे. आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नाकाचा घोळणा फुटतो, ओठांवर, बोटांवर लाल ठिपके असतात, त्या घरातल्या माणसांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालावं. अशा घरांत मेंदूतल्या आणि फुप्फुसातल्या वाहिन्यांतही दोष सापडतात.

झटका आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू झाली, मान ताठली, उलटी झाली, माणूस बडबडू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर देवऋषी नको, झंडू बाम नको, सकाळची वाट बघणं नको. १०८ बोलवा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात जा.

आणि ज्या घरात असं बाळ आहे, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना शेवटी एवढंच सांगणं आहे. आज सुनेला जवळ बसवून स्पष्ट शब्दांत सांगा, की यात तुझी काही चूक नाही. मनात असून उपयोग नाही, तिला ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. बाळाला तपासणीला नेताना तिच्यासोबत जा, फाइल तुम्ही धरा. ज्या घरात निरोगी तान्हं बाळ आहे तिथे शिंप्याची टेप घ्या, भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर मोजा, आणि आकडा तारखेसकट लसीकरणाच्या कार्डावर लिहा. महिन्याने पुन्हा मोजा.